मांडवाच्या जांभळीवर शिक्रा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. गाडी सुटायच्या कितीतरी आधी मी फलाटावर जाऊन उभी राहते आणि गाडी सुटली की पुढचं स्टेशन कधी येतं म्हणून खिडकीबाहेर डोकावत बसते. या वेळी निमित्त भाचीच्या लग्नाचं होतं. माझा मामेभाऊ रमेशभाऊ लांजेवार भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला. त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, प्रीतीचं, वैशाखात लग्न. सगळे लग्नाच्या आदल्या दिवशी पोचणार होते, मी मात्र बऱ्याच आधी निघाले. आत्या आहे, कामाला हात लावायला नको का, असं मी साताऱ्यातून निघताना सगळ्यांना सांगितलं. खरं कारण प्रीतीने मोबाइलवर पाठवलेली चित्रफीत होती. त्यांच्या क्वार्टरच्या परसातल्या झाडावर, पानांच्या आड काटक्यांचं एक अस्ताव्यस्त घरटं आणि त्याच्या काठावर उभी असलेली शिक्र्याची मादी. खाली प्रीतीने लिहिलं होतं, ‘आत्या, ये तेरेवाला है क्या?’

शिक्रा हा शिकारी पक्षी पारव्याएवढाच, पण पाखरांच्या जगात त्याचा दरारा मोठा. मी पंचवीस वर्षं पक्षी पाहत हिंडते आहे. शिक्रा उडताना पाहिला, भक्ष्य घेऊन जाताना पाहिला, पण पिल्लं असलेलं घरटं जवळून पाहायला कधी मिळालं नव्हतं. ती रुखरुख घेऊनच मी पुण्याहून दुर्गच्या गाडीत बसले.

नागपूर गेलं, गोंदिया गेलं आणि सालेकसा-दरेकसाच्या बाजूला दोन्हीकडे जंगल आलं. साग पूर्ण निष्पर्ण, मोहाला मात्र नवी तांबूस पालवी. असं पानझडी जंगल, त्यातही जंगलाची कड, हे शिक्र्याचं मूळ घर. दाट झाडीत बसून राहायचं, मोकळ्यावर नजर ठेवायची आणि सरडा किंवा चिमणी बेसावध दिसली की बाणासारखं खालून जायचं. घारीसारखं आभाळात घिरट्या घालत बसणं त्याच्या स्वभावात फारसं नाही. मी दुर्बीण डोळ्याला लावून खिडकीशी चिकटले होते. समोरच्या बाकावरच्या बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत, डोंगरगडला.

‘काय पाहून राहिल्या जी?’ त्यांनी शेवटी विचारलं.

‘पक्षी दिसतो का ते.’

‘गाडीतून? आमाले तं गाडीतून उतरणारा माणूसही ओळखू येत नाही.’ त्यांनी डब्यातली सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी) माझ्या हातावर ठेवली. जंगलात मला एकही शिक्रा दिसला नाही.

दुर्ग स्टेशनवर भाऊ स्कूटर घेऊन आला होता. वय साठीला टेकलेलं, डोक्याला गमछा गुंडाळलेला. ऊन असं की डोळे उघडे ठेवणं मुश्कील. ‘आली का व सुलू? बस मांगं. पिशवी मांडीवर घे,’ एवढंच बोलून त्याने स्कूटर सुरू केली. टाऊनशिपमध्ये शिरलो आणि एकदम हवा बदलली. रुंद, सरळ रस्ते, दोन्ही बाजूंनी कडुलिंब, करंज, गुलमोहर, शिरीष, आणि त्यांच्या सावलीत एकसारख्या बैठ्या क्वार्टरांच्या रांगा. कारखाना उभारला तेव्हा माळरानावर लावलेली ही झाडं आता एवढी माजली आहेत की घरं त्यांच्या बुंध्यांशी बसल्यासारखी दिसतात. दूर कारखान्याच्या चिमण्या आणि जवळ हे झाडांचं छप्पर. एखाद्या शिक्र्याला हे जंगलच वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

सेक्टर दहामधल्या क्वार्टरच्या परसात जांभूळ होती. उंच, दोन मोठ्या फांद्यांत दुभंगलेली, हिरव्यागार पानांनी गच्च. पूर्वेकडच्या फांदीच्या बेचक्यात घरटं. मी चप्पल न काढताच परसात गेले. मादी घरट्यावर बसली होती, तिची पिवळीधमक नजर थेट माझ्याकडे. तिच्या पोटाखालून एक पांढरं, लोकरी डोकं वर आलं, मग दुसरं, मग तिसरं. वहिनी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या त्याचंही मला भान नव्हतं.

संध्याकाळी बाजेवर बसल्या बसल्या भाऊने जे सांगितलं, त्याने माझा सगळा आनंद उतरला. आमच्या आजोळच्या, लाखनीकडच्या शेतकरी घरांत लग्नाचा मांडव जांभळीच्या डहाळ्यांनी शाकारतात. जांभळीचा हिरवा मांडव नसेल तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही. भाऊ नोकरीला लागला, क्वार्टर मिळालं, तेव्हा त्याने गावाहून तेलाच्या डब्यात जांभळीचं रोप आणलं.

‘मनात म्हटलं, या परमुलखात उद्या पोरगी झाली तं तिच्या मांडवाले जांभूळ कोठून आणाची?’ तो म्हणाला. ‘तवा लग्नही झालं नव्हतं माझं. आता या महिन्याच्या आखरीले मी रिटायर होऊन राहिलो. क्वार्टर सोडाचं आहे. त्याच्या आधी या झाडाखालून पोरगी सासरी गेली पायजे, एवढंच आहे.’

‘आणि घरटं?’

‘तेच तं. तुले सांगाले मले कसंतरीच वाटून राहिलं होतं.’

त्यात आणखी एक मेख होती. आमच्याकडे मांडवाची पहिली डहाळी आत्याच्या हातची लागते. म्हणजे ज्या झाडासाठी मी एवढ्या लांबून धावत आले, त्यावर पहिला कोयता मीच चालवायचा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी परसात खुर्ची टाकून बसले. नर आकाराने लहान, पाठीवर राखाडी, डोळे लालभडक. तो घरट्यावर येतच नाही. शेजारच्या कडुलिंबावर बसून ‘टिटुई, टिटुई’ अशी दोन तुकड्यांत साद देतो, की मादी उठून जाते आणि त्याच्या पायातलं भक्ष्य घेते. एकदा सरडा, एकदा चिमणीएवढं काहीतरी, पिसं आधीच उपटलेली. मग ती घरट्यावर येऊन त्याचे बारीक तुकडे करते आणि प्रत्येक चोचीत घालते. तो आला की बुलबुल ओरडतात, खारी शेपट्या उडवत किंचाळतात, कावळा पाठीवर झेपावतो. पिल्लं पोटभर खाऊन एकमेकांवर कलंडली, आणि मी समाधानाने खुर्ची आत नेऊन ठेवली. मी नेहमी असंच करते. सकाळचे दोन तास पाखरं पाहायची आणि ऊन चढायच्या आत दुसरीकडे निघायचं.

न्याहारीला बोरे बासी होती, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर कांदा आणि आंब्याची चटणी. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात याच्याइतकं थंड दुसरं काही नाही. मी ताटावर बसल्या बसल्याच विषय काढला. मांडव कापडाचा का नको? तंबूवाला तर येणारच आहे. प्रीती म्हणाली, ‘हां बाबा, आत्या बरोबर म्हणून राहिली. वैसे भी फोटो में कौन देखता है?’ भाऊने हात धुतले आणि स्कूटरची चावी उचलली.

‘चाल सुलू, कुरुदले जाऊन पाहू. तिकडे एकाच्या वावरात जांभळी होत्या. तेथून आणू डहाळ्या. तुही पाखरं राहतील, माहा मांडवही होईल.’

कुरुद गाव भिलाईच्या अंगालाच लागून. भाऊने तिथेच एका प्लॉटवर घर बांधलं आहे, निवृत्तीनंतर तिथेच जाणार. रस्ताभर तो जुन्या गोष्टी सांगत होता: इथे तळं होतं, इथे धानाची शेतं होती, इथून संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. आम्ही त्या वावरापाशी पोचलो तर वावर नव्हतं. मातीचे आखलेले रस्ते, कोपऱ्या-कोपऱ्यावर चुना मारलेले दगड, विजेचे नवे खांब. जांभळींच्या जागी बुंधे जाळल्याच्या काळ्या खुणा होत्या. भाऊ स्कूटरवरून उतरला नाही. त्याच्या नव्या घरासमोरूनही गेलो. घर टुमदार होतं, पण आसपास डोकं टेकायलाही सावली नव्हती. मी आणखी पुढे जाऊ म्हणाले, कुम्हारीच्या बाजूला बघू म्हणाले. आम्ही भर उन्हात महामार्गाने कुम्हारीपर्यंत गेलो, दोन ठिकाणी विचारलं, आणि दोन्ही ठिकाणी लोकांनी आमच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. टाऊनशिपमधल्या रस्त्याकडेच्या झाडांना तर हात लावता येत नाही.

परत येताना भाऊचा आवाज चढलाच. ‘तू चार दिवस येशील, पाहशील, चालली जाशील. मी तीस वर्षं पाणी घातलं त्या झाडाले. कावून (कशासाठी) घातलं?’

मला राग त्याचाही आला आणि माझाही. संध्याकाळभर मी परसात येरझाऱ्या घालत होते. आणि मग मला तोडगा सुचला. घरटं पूर्वेच्या फांदीवर. पूर्वेला हात लावायचा नाही, फक्त पश्चिमेकडच्या फांदीच्या डहाळ्या काढायच्या. मांडवाला तेवढ्या पुरतील. घरट्याला धक्का लागणार नाही. मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की भाऊचा चेहरा उजळला. वहिनी म्हणाल्या, ‘बाई, तुमाले पाखरातलं कळते म्हणून आमी ऐकून राहिलो.’ मला त्या वेळी हे कौतुक वाटलं.

मांडवाच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर भाऊच्या खात्यातली मंडळी कारखान्यातून थेट घरी आली. इथली ही रीतच आहे. कोणाच्याही घरी लग्न असलं तरी शिफ्ट सुटली की सोबतचे कामगार येतात आणि मांडव उभा करून मगच आपापल्या क्वार्टरला जातात. त्यांच्यातले साहूजी खलाशी होते, म्हणजे कारखान्यात दोरखंड लावून अवजड सामान चढवणारे-उतरवणारे. ते कमरेला दोर बांधून जांभळीवर चढले. चढण्याआधी त्यांनी माझ्या हातात एक लवती फांदी आणि कोयता दिला. वहिनींनी झाडाला हळद-कुंकू वाहिलं. मी डोळे मिटून घाव घातला. पहिली डहाळी मीच मांडवाच्या खांबाला बांधली आणि प्रीतीने माझ्या पाया पडून मला मिठी मारली.

साहूजींनी एकही फांदी धपकन पडू दिली नाही. प्रत्येक डहाळी दोराने अलगद खाली आली. मादी कडुलिंबावर बसून सतत ओरडत होती, पण काम संपताच घरट्यावर परतली. ‘देख दीदी, आगे न तोर चिरई (आलं ना तुझं पाखरू),’ ते खाली उतरून हसत म्हणाले. हळद लागेपर्यंत अंगणात हिरवा, गार, कच्च्या पानांच्या वासाने भरलेला मांडव उभा होता. भाऊ त्याच्याखाली उभा राहून वर पाहत होता. सगळं साधलं म्हणून मी स्वतःवर खूष होते.

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली. वांग्याची रस्सेदार भाजी, वरणभात, बुंदी, आणि वाढणाऱ्यांचा आग्रह. बायका हिरव्या मांडवाखालून हलायला तयार नव्हत्या. शेजारचा कापडी तंबू ओस पडला होता. ‘गावासारखं केलं जी तुमी,’ असं प्रत्येक म्हातारं माणूस भाऊला सांगून गेलं. पाठवणीच्या वेळी प्रीती, जी आठवडाभर हिंदीत थट्टा करत होती, भाऊच्या गळ्यात पडून फक्त ‘बाबा, बाबा’ म्हणत राहिली. गाडी कोपऱ्यावरून वळली. लोक पांगले. ऊन अजून कडक होतं.

मी परसात गेले. मनाला चैन नव्हतं, जरा पाखरांकडे पाहावं म्हटलं. आणि जागच्या जागी थांबले.

पश्चिमेची फांदी उघडी पडली होती. तिच्यामधून उतरतं ऊन सरळ घरट्यात घुसत होतं. मादी घरट्याच्या काठावर, उन्हाकडे पाठ करून, दोन्ही पंख अर्धे पसरून उभी होती. चोच उघडी, गळा धापेने हलत होता. तिन्ही पिल्लं तिच्या पंखांच्या सावलीत डोकी टाकून पडली होती. कडुलिंबावरून नर साद देत होता, पण ती जागची हलत नव्हती. हलली असती तर सावली गेली असती.

भाऊ कधी मागे येऊन उभा राहिला ते कळलं नाही. ‘हे पाखरू असं पंख पसरून कावून उभं आहे?’

‘पिल्लांवर सावली धरलीय,’ मी म्हणाले. ‘दुपारची सावली पश्चिमेच्या फांदीची होती. मी फक्त सकाळी पाहिलं. दुपारी ऊन कुठून येतं हे मी बघितलंच नाही, भाऊ. माझ्यामुळे झालं हे.’ बोलता बोलता मला रडू आलं.

तो बराच वेळ वर पाहत राहिला. मग अंगणात गेला, स्टूल ओढलं आणि मांडवाची पहिली दोरी सोडायला लागला.

वहिनी धावत आल्या. ‘अवो, काय करून राहिले तुमी? मांडव परतणी व्हाची आहे. पोरगी परत येऊन जाईपर्यंत मांडव हालवत नाहीत. इवाय (व्याही) काय म्हणतीन?’

‘पोरगी सावलीत बसली, सावलीतूनच गेली,’ भाऊ म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. ‘आता याच्याखाली कोण बसणार आहे? तेथं पाहा, ते माय कवाची उभी आहे.’

वहिनींनी वर पाहिलं. त्यांनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूची दोरी धरली.

साहूजी अजून गेले नव्हते. ‘घाम अब्बड हे (ऊन फार आहे),’ एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा दोर कमरेला बांधला, डोक्याला गमछ्याचे पाचसहा वेढे दिले. मी खालून सांगत होते, भाऊ डहाळ्या दोराला अडकवत होता आणि साहूजी त्या पश्चिमेच्या थोटक्या फांद्यांना गाठी मारून बांधत होते. आता मादी नुसती ओरडत बसली नाही. दोनदा तिने त्यांच्या डोक्यावर झेप घेतली, गमछ्यात तिच्या नख्या अडकल्या. ते हलले नाहीत. शेवटी सावलीचा डाग सरकत सरकत घरट्यावर आला तेव्हा त्यांनी दोर सोडला.

ती मात्र परत येईना. कडुलिंबावर, कधी दुसऱ्याच क्वार्टरच्या गुलमोहरावर, पण घरट्यावर नाही. एवढ्या छळानंतर पक्षी घरटं टाकून जाऊ शकतात, हे मला माहीत होतं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. आम्ही सगळे घरात गेलो, परसाचं दार लोटून घेतलं. मी एका खोलीतून दुसरीत फिरत होते. भाऊ जमिनीवर बसून होता, अंगावर अजून लग्नाचा कोसा रेशमाचा सदरा, त्याला पानांचे हिरवट डाग पडलेले. उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मी फटीतून पाहिलं. ती घरट्यावर होती. पंख मिटलेले होते. भाऊला दाखवलं, तर तो ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊ लागला. मुलगी गेली तेव्हा त्याने डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. साताऱ्यात आले तरी मन भिलाईतच. प्रीती मांडव परतणीला आली तेव्हा अंगणात नुसते चार खांब होते. सासरच्या बायका कुजबुजल्या असं वहिनींनी फोनवर सांगितलं. प्रीतीने परसात जाऊन वर पाहिलं, सुकलेली पानं आणि त्यामागची तीन डोकी पाहिली, आणि सासूला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. पुढे काय बोलणं झालं ते वहिनींना ऐकू आलं नाही, पण नंतर सासूबाईंनी दुसऱ्यांदा चहा मागून घेतला.

महिनाअखेरीस भाऊ निवृत्त झाला. क्वार्टरच्या चाव्या देऊन कुरुदला राहायला गेला. तिथून तो रोज संध्याकाळी स्कूटरवर सेक्टर दहाला जायचा. क्वार्टर अजून दुसऱ्या कोणाला मिळालं नव्हतं, पण कुलूप होतं, म्हणून मागच्या गल्लीत, कुंपणावरून झुकलेल्या जांभळीखाली उभा राहून पाहायचा. त्याचे फोन आता रोज येऊ लागले. एक पिल्लू फांदीवर आलं. एकाने पंख मारले. एक दुसऱ्या झाडावर गेलं. पंचवीस वर्षांत मी शेकडो घरटी पाहिली असतील, पण एकाचाही शेवट पाहायला थांबले नाही. नेहमी पुढच्या गाडीची वेळ झालेली असायची.

मृगाचे ढग यायच्या सुमारास त्याचा फोन आला. ‘तिन्ही उडाले, सुलू. घरटं रिकामं आहे.’

‘बरं झालं, भाऊ,’ मी म्हणाले. ‘आता तुझी रोजची खेप वाचली. आता काय जायचं तिकडे.’

‘आता काही काम नाही तेथं,’ तो म्हणाला. पलीकडे स्कूटरी-मोटारींचे आवाज येत होते. भाऊ घरातून बोलत नव्हता.

‘मग आत्ता कुठे आहेस?’

तो म्हणाला, ‘झाडाखाली.’